अनंताची नवी पानं पिवळी: चहाचा चोथा, लिंबाच्या साली, ताक... नक्की काय घालावं?

गॅलरीतला_अनंत (मुलुंड)

12 इंची कुंडीत अनंत आहे, तीनेक वर्षांचा. पूर्वेची गॅलरी, साडेदहापर्यंत ऊन. दोन महिन्यांपासून शेंड्याची नवी पानं पिवळट-पांढरी येतायत, शिरा मात्र हिरव्या. खालची जुनी पानं ठीक आहेत. कळ्या वाटाण्याएवढ्या होतात आणि गळतात. शेजारच्या इक्झोरालाही तेच सुरू झालंय. मोगरा आणि कढीपत्ता त्याच रांगेत आहेत, पण ते बरे आहेत.

माती म्हणजे नर्सरीतली लाल माती आणि शेणखत. त्यावर महिन्याला दोन मुठी घरचं कंपोस्ट. गॅलरीतल्या नळाला सोसायटीच्या बोअरचं आणि टँकरचं मिश्र पाणी येतं, स्वयंपाकघरात महापालिकेचं.

अनंताला आम्लधर्मी माती लागते एवढं माहीत आहे. घरात निघणाऱ्या गोष्टी अशा: दूध-साखरेच्या चहाचा चोथा रोज, आठवड्याला दहा-बारा लिंबांच्या साली, अंड्यांची टरफलं, केळ्याच्या साली, पनीरचं पाणी, सोलकढीनंतर उरलेली आमसुलं, अधूनमधून फिल्टर कॉफीचा गाळ. यातलं काय घालायचं, किती आणि कसं? बाजारातली औषधं शक्यतो नकोत.

चिमूटभर_गंधक

आधी निदान करू, स्वयंपाकघराकडे नंतर वळू.

नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, जुनी पानं शाबूत म्हणजे लोहाच्या कमतरतेचा केवडा, म्हणजे पानं पिवळी पडण्याचा विकार. लोह एकदा एका पानात गेलं की तिथून हलत नाही, त्यामुळे टंचाई आधी शेंड्याला दिसते. नत्र (नायट्रोजन) कमी पडलं असतं तर खालची जुनी पानं सबंध पिवळी झाली असती. मॅग्नेशियम कमी पडलं असतं तर जुन्याच पानांच्या शिरांमधला भाग पिवळा झाला असता.

लाल मातीत लोहाला तोटा नसतो, तिचा रंगच त्याचा आहे. पण सामू (पीएच; 7 च्या खाली आम्ल, वर अल्क) 7 च्या वर सरकला की ते लोह मुळांना उचलता येत नाही. अनंत आणि इक्झोरा 5 ते 6 सामूत खूश असतात, 6.5 पर्यंत चालवून घेतात. मोगरा आणि कढीपत्ता 6 ते 7 मध्ये मजेत राहतात, म्हणून ते अजून बोलत नाहीयेत. चार कुंड्यांना एकच पाणी मिळतंय आणि आम्ल मागणाऱ्या दोनच आजारी आहेत, यावरून संशय मातीपेक्षा पाण्यावर जातो.

काहीही घालण्याआधी तीन गोष्टी बघा.

पहिली, मातीचा सामू. वरची इंचभर माती बाजूला करून खालची दोन चमचे घ्या, त्यात पाच चमचे डिस्टिल्ड पाणी घाला. बॅटरीत घालायचं पाणी पेट्रोल पंपाजवळ मिळतं तेच चालेल, फक्त बाटलीवर ‘डिस्टिल्ड’ किंवा ‘डीमिनरलाइज्ड’ लिहिलेलं हवं; बॅटरीचं अॅसिड उचलून आणू नका. ढवळून अर्धा तास ठेवा आणि वरच्या निवळीत सामू मोजायची रंगपट्टी बुडवा. मातीत खुपसायचे दोन काट्यांचे स्वस्त मीटर येतात त्यांच्यावर विसंबू नका. ओल कमीजास्त झाली की त्यांचा आकडा नाचतो.

दुसरी, पाण्याचा क्षार. मत्स्यालयाच्या दुकानात ‘केएच’ची थेंबांची चाचणी मिळते, क्रॉफर्ड मार्केटला नक्की. 5 मिली पाण्यात रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला सुमारे 18 मिलिग्रॅम चुना (कॅल्शियम कार्बोनेट). दोन्ही नळांचं पाणी तपासा. पाण्याचा नुसता सामू मोजून काही कळत नाही, त्यात विरघळलेलं बायकार्बोनेट, म्हणजे विरघळलेल्या रूपातला चुना, किती हेच महत्त्वाचं.

तिसरी, मातीत मोकळा चुना आहे का. वाटीत चमचाभर कोरडी माती घ्या, वर पांढऱ्या व्हिनेगरचे पाच-सहा थेंब टाका आणि वाटी कानाशी धरा. चरचर ऐकू आली तर मातीत डेब्रिज किंवा चुनखडी मिसळली आहे.

शिवाय बोट दोन पेरं खाली घालून बघा. माती सतत चिकट ओली असेल आणि कुबट वास येत असेल तर मुळं गुदमरली आहेत. तेव्हाही पानं अशीच दिसतात आणि मग आम्लाचा काही संबंध नसतो.

ओला_सुका

मोजमाप होईपर्यंत कचऱ्याचं एकेक पाहू.

चहाचा चोथा: तुमच्या यादीतली सगळ्यात कामाची वस्तू. वाळलेल्या चोथ्यात नत्र वजनाच्या साधारण 4 टक्के असतं. पण आपल्याकडचा चोथा दूध, साखर, आलं, वेलचीसकट येतो आणि तसाच कुंडीत गेला की दोन दिवसांत मुंग्या, चौथ्या दिवशी पांढरी बुरशी, आठवड्यात चिलटं. गाळणीतच नळाखाली धरून दोन-तीनदा धुवा. पाण्याची दुधी छटा गेली पाहिजे आणि चोथा बोटांना बुळबुळीत लागता कामा नये. मग वर्तमानपत्रावर पसरून सावलीत कडक वाळवा. पावसाळ्यात दोन दिवसांत वाळला नाही तर सरळ कंपोस्टच्या मडक्यात टाका. 12 इंची कुंडीला महिन्याला एक मूठ, म्हणजे 25-30 ग्रॅम वाळलेला. वरची इंचभर माती खुरप्याने हलवून त्यात मिसळायचा, नुसता पसरायचा नाही. खोडापासून तीन बोटं लांब. टी बॅग असेल तर फाडून आतली पत्ती तेवढी घ्या, काही पिशव्यांत प्लास्टिकचा धागा असतो.

कॉफीचा गाळ: हा आम्लधर्मी असतो हा गैरसमज फार पसरलाय. आम्ल बहुतांशी तुमच्या पेल्यात उतरतं. उरलेला गाळ बऱ्याचदा 6.5 ते 6.8 सामूचा, म्हणजे जवळजवळ उदासीन. नत्र 2 टक्क्यांच्या आसपास. वर थर दिला की वाळून पापुद्रा धरतो आणि पाणी कडेने वाहून जातं. अर्धी मूठ, तीही मातीत कालवून. बी पेरलेल्या कुंडीत अजिबात नको, रोपं दबतात.

आमसुलं: थांबा! बाजारातल्या बहुतेक आमसुलांना मीठ लावलेलं असतं. मीठ कुंडीत साठतं आणि पानांच्या कडा करपतात. लोणच्याचा खार, मीठ घालून उकडलेल्या बटाट्याचं किंवा पास्त्याचं पाणी, मसाला ताक, सगळ्याला हीच बंदी.

पनीरचं पाणी: लिंबाने फाडलेलं असेल तर आंबट असतं, सामू 5 च्या जवळपास. एक वाटीला दहा वाट्या साधं पाणी, महिन्यातून एकदा, तेही दूध फाडताना मीठ घातलं नसेल तरच. जास्त घातलं तर त्यातली साखर जंतू इतक्या वेगाने खातात की मुळांजवळचा प्राणवायू संपतो आणि गॅलरीभर आंबूस वास सुटतो. त्यापेक्षा कणीक भिजवायला वापरा, खरं सांगायचं तर.

कढीपत्त्याला आंबट ताक घालायची आपल्याकडची जुनी पद्धत खोटी नाही. ताकातलं आम्ल मुळांजवळचं थोडं लोह तात्पुरतं सोडवतं आणि प्रथिनातून नत्र मिळतं. एकास दहा पाणी, बिनमिठाचं, महिन्यातून एकदा. तांब्याच्या भांड्यात मुरवलेलं ताक मात्र कुंडीत ओतू नये. तांबं बुरशीला मारतं तसं कोवळ्या मुळांनाही जाळतं, आणि साठत जातं.

केळ्याची साल: पालाश (पोटॅश) मिळतं, नत्र नगण्य, आम्लाशी देणंघेणं नाही. बारीक चिरून कंपोस्टमध्ये. ‘सालीचं पाणी’ दोन दिवसांवर ठेवलं की चिलटांचा कारखाना होतो.

अंड्याची टरफलं: ही अनंताला नकोतच. जवळजवळ सगळा चुना असतो. धूप-हवनाची राख त्याहून वाईट, ती लगेच विरघळते आणि सामू झटक्यात वर नेते. कंपोस्टच्या मडक्यात टरफलं टाकत असाल तर ते कंपोस्ट टोमॅटो-मिरचीला द्या.

आणि हो, तयार कंपोस्ट स्वतःच 7 ते 8 सामूचं असू शकतं, मग त्यात कितीही लिंबं टाकलेली असोत. महिन्याला दोन मुठी म्हणजे अनंतासाठी जरा सढळ हात आहे.

संत्रासाल

लिंबाच्या सालींचं बायोएन्झाइम करा की! एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या बाटलीत 90 दिवस. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडायचा, बाटली काचेची नको, फुटते. तयार द्रावणाचा सामू साडेतीनच्या आसपास येतो. एवढं आंबट पाणी अनंताला मिळालं तर अजून काय हवं?

चिमूटभर_गंधक

संत्रासाल, कृती अगदी बरोबर आहे. फरशी आणि बेसिनसाठी मी डोळे मिटून हो म्हणेन. अडचण मातीत गेल्यावर सुरू होते.

लिंबातलं सायट्रिक, चिंचेतलं टार्टारिक, ताकातलं लॅक्टिक, व्हिनेगरमधलं अॅसेटिक ही सगळी सेंद्रिय आम्लं. मातीतल्या जंतूंच्या दृष्टीने ते खाद्य आहे. मुंबईच्या उष्ण, ओल्या कुंडीत ती काही दिवसांत फस्त होतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि सामू होता तिथे परत येतो. गंमत म्हणजे या आम्लाने वाटेत जो चुना विरघळवला असेल, तोही आम्ल खाल्लं गेल्यावर पुन्हा बायकार्बोनेट होऊन बसतो. म्हणजे उधारी फिटत नाही, पुढे ढकलली जाते. पातळ न करता ओतलं तर त्या दोन-चार दिवसांत मुळांची टोकं जळतात ते वेगळंच. एन्झाइम वापरायचंच तर लिटरला 5 ते 10 मिली, पंधरा दिवसांनी, आणि आम्ल म्हणून नव्हे तर सौम्य खुराक म्हणून.

मग चहाच्या चोथ्याने माती आम्ल होते असं का म्हणतात? त्यातल्या आंबटपणामुळे नाही. चोथ्यातलं नत्र कुजून आधी अमोनियम होतं, मग जंतू त्याचं नायट्रेट करतात आणि या दुसऱ्या पायरीत खरंखुरं आम्ल सुटतं. हे आम्ल कोणी खाऊन टाकत नाही. म्हणूनच शेंगदाणा पेंड किंवा सरकी पेंड चवीला आंबट नसूनही माती हळूहळू आम्लाकडे नेते, आणि लिंबाची साल आंबट असूनही नेत नाही. हिशेब मांडला तर 30 ग्रॅम वाळलेल्या चोथ्यातून जास्तीत जास्त 4 ग्रॅम चुना मारण्याइतकं आम्ल निघेल. तेही सगळं नत्र नायट्रेट होऊन धुपून गेलं तर. झाड नायट्रेट शोषताना काही आम्ल परत फेडतं, त्यामुळे हातात त्याहून बरंच कमी पडतं, आणि महिनोन्‌महिने लागतात.

गॅलरीतला_अनंत

मोजलं. अनंताची माती 7.6, इक्झोराची 7.4. गॅलरीच्या नळाला 16 थेंब, स्वयंपाकघराच्या नळाला 3. व्हिनेगरने अनंताच्या मातीत चरचर झाली नाही. इक्झोराच्या कुंडीत मात्र बारीक फसफस ऐकू आली. ती कुंडी सिमेंटची आहे. माती चिकट नाही, वास नाही.

चिमूटभर_गंधक

आकडे स्वच्छ आहेत, चला हिशेब करू.

16 थेंब म्हणजे लिटरला जवळपास 290 मिलिग्रॅम चुना. रोज लिटरभर पाणी घातलं तर महिन्याला साडेआठ ग्रॅमच्या पुढे. एका अंड्याचं टरफल पाच-सहा ग्रॅमचं असतं. म्हणजे दर महिन्याला दीड-दोन टरफलं पूर्ण विरघळवून तुम्ही नळानेच कुंडीत ओतताय. वर तुम्ही लिंबू पिळणार. एका कागदी लिंबाच्या रसात साधारण 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल, ते मारणार पाऊण ग्रॅम चुना, आणि जंतूंनी ते खाल्लं की तेवढाही परत. सालीत तर रस नावापुरताच उरलेला असतो.

त्यामुळे पहिला उपाय फुकटचा आहे: या दोन कुंड्यांना गॅलरीच्या नळाचं पाणी बंद. स्वयंपाकघराचं पाणी 3 थेंबांचं आहे, महिन्याला दीड ग्रॅमच्या आसपास चुना. तानसा, वैतरणा, भातसाचं हे तळ्याचं पाणी मुळात हलकं असतं. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं पाणी तेच आहे, मीठ न घातलेलं. रोज सहज दोन-तीन लिटर निघतं, एवढ्यात दोन कुंड्या भागतात. तांदळाचं पाणी मात्र त्याच दिवशी वापरा, रात्रभर ठेवलेलं आंबतं आणि चिलटं येतात.

त्याहून चांगलं एसीचं पाणी. ते हवेतल्या वाफेचं असतं, त्यात चुना नसतोच. आपल्या दमट हवेत रात्रभर चाललेल्या एसीखाली बादली भरायला वेळ लागत नाही. सर्व्हिसिंगनंतरचं दोन दिवसांचं पाणी तेवढं फेकून द्या, त्यात साफसफाईचं रसायन असू शकतं. आरओ यंत्राच्या काळ्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र उलट आहे, त्यात क्षार गोळा होऊन आलेले असतात. पाणी वाचवायच्या भरात ते अनंताला घालू नका.

दुसरी गोष्ट, आधीच चढलेला सामू उतरवणं. याला स्वयंपाकघरात उत्तर नाही. ‘बाजारातली औषधं नकोत’ म्हणालात, पण गंधक हे खनिज आहे आणि सेंद्रिय शेतीतही वापरतात. 12 इंची कुंडीत 14-15 लिटर माती असते, तिला सपाट एक चमचा, साधारण 4 ग्रॅम गंधक भुकटी. वरच्या दोन इंचांत मिसळा. मातीतले जंतू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात, आणि हे आम्ल टिकतं. 1 ग्रॅम गंधक सुमारे 3 ग्रॅम चुना मारतं. परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. पुन्हा सामू मोजा, 6.5 च्या वर असेल तर अजून एक चमचा. घाईने तीन-चार चमचे एकदम घातले तर सामू 5 खाली घसरतो आणि मग मँगनीज, अॅल्युमिनियम मुळांना बाधतं. तिथून वर चढवणं आणखी किचकट.

गंधकाला वाफसा लागतो, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही. कोरड्या मातीत जंतू झोपलेले, आणि पाणी तुंबलेल्या मातीत गंधकाचं उलटंच होतं, सडक्या अंड्याचा वास येतो आणि मुळं काळी पडतात. म्हणून जुलैच्या झडीत घालू नका. ऑक्टोबर किंवा मार्च बरा.

तिसरी गोष्ट, तोवर झाडाला लोह. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, 2 ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल 1 ग्रॅम एक लिटर पाण्यात. किराणा दुकानात ते लिंबूफूल म्हणून मिळतं. आधी लिंबूफूल विरघळवा, मग हिराकस, आणि पाणी एसीचं घ्या. द्रावण फिकट हिरवट राहिलं पाहिजे. तांबूस गढूळ झालं तर लोह गंजलं, ते ओतून द्या. संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा, दहा दिवसांनी परत, अशा तीन फवारण्या. फवारणीत आम्ल टिकायची गरज नसते, पान ओलं असेपर्यंत लोह विरघळलेलं राहिलं की काम झालं. मातीतून द्यायचं असेल तर पाकिटावर ‘ईडीडीएचए’ असलेलं चिलेट (लोह विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग) घ्या, ते चुन्याच्या मातीतही टिकतं. ‘ईडीटीए’वालं 6.5 च्या वर ढेपाळतं, तुमच्या 7.6 मध्ये पैसे वाया.

ओला_सुका

गंजके खिळे पुरण्याचा सल्ला कोणीतरी देणारच, म्हणून आधीच सांगून ठेवते. गंज म्हणजे आधीच अडकलेलं लोह. लाल मातीत ते मणभर आहे, त्यात चार खिळ्यांची भर कशाला?

पेंटगुळ

इक्झोराच्या सिमेंटच्या कुंडीकडे कोणी बघेल का! आमच्या कोकणात याला पेंटगुळ म्हणतात आणि ते जांभ्याच्या आम्ल मातीत कुंपणाला बिनपाण्याचं वाढतं. त्याला सिमेंटमध्ये कोंडलं तर ते रडणारच. सिमेंटमधून वर्षानुवर्षं चुना झिरपतो. फसफस आली म्हणजे मोकळा चुना मातीत उतरलाय, त्यावर गंधक घालणं म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात पाणी. कुंडी बदला, माती बदला.

माती अशी करा: चार भाग धुतलेलं कोकोपीट, तीन भाग लाल माती, दोन भाग नारळाच्या शेंडीचे बोटाएवढे तुकडे, एक भाग गांडूळखत किंवा टरफलं-राख नसलेलं घरचं कंपोस्ट. वर मूठभर निंबोळी पेंड. शहाळेवाल्याकडे शेंडी ढिगाने मिळते, ती महिनाभर पाण्यात ठेवून, पाणी चारदा बदलून घ्या, नाहीतर त्यातला क्षार आणि तपकिरी अर्क कोवळ्या मुळांना बाधतो. कोकोपीटची वीट बादलीत फुलवून दोनदा पिळा, शेवटचं पाणी फिकट चहाच्या रंगाचं आलं की पुरे.

लाल माती विकत घेताना वाटीतली व्हिनेगरची परीक्षा दुकानातच करा, लाज बाळगू नका. इथे पोत्यात ‘लाल माती’ म्हणून येतं त्यात कधी विटांचा चुरा आणि प्लास्टरही असतं. खऱ्या जांभ्याच्या मातीत चरचर होत नाही. देशावरची काळी माती या झाडांना नको, तिच्यात चुनखडीचे खडे असतात.

इक्झोराची कुंडी पाऊस लागताना बदला. मुळांच्या गोळ्याची बाहेरची आणि खालची एक तृतीयांश माती सोडवा, आतली राहू द्या. मुळं धुऊन काढू नका. अनंताला तर आता हात लावू नका, त्याची माती चरचरत नाहीये. कळ्या असताना हलवला तर उरलेल्याही टाकेल.

कुंडी कुठे ठेवता तेही बघा. भिंतीला चुन्याचा रंग असेल आणि पावसात त्यावरून ओघळ कुंडीत येत असेल तर सगळं मुसळ केरात. सिमेंटच्या कठड्यावर ठेवायची तर खाली प्लास्टिकचा स्टँड.

गॅलरीतला_अनंत

सगळ्यांचे आभार, कागदावर उतरवून घेतोय. तीन शंका. पावसाचं पाणी साठवावं का? मोगरा-कढीपत्त्यालाही गंधक घालू का? आणि हायड्रेंजियाला निळी फुलं येण्यासाठी तुरटी चालते म्हणतात, ते खरं आहे का?

चिमूटभर_गंधक

पाऊस: साठवण्यापेक्षा कुंड्याच पावसात ठेवा. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, चार महिने साचलेला चुना धुऊन निघायला याहून चांगली संधी नाही. फक्त भोकं मोकळी हवीत, ताटली काढून टाका. नत्र आणि मॅग्नेशियमही धुपतं, म्हणून सप्टेंबरअखेरीस एक मूठ चहाचा चोथा आणि अर्धी मूठ शेंगदाणा पेंड. पेंड कोरडी मिसळून वर मातीचा थर द्या, उघडी राहिली तर उंदीर येतात.

मोगरा, कढीपत्ता: सध्या नको. त्यांना एक दिवसाआड स्वयंपाकघराचं पाणी पुरे. नवी पानं फिकटली तर मोजा, मग बघू.

हायड्रेंजिया: तुरटीत अॅल्युमिनियम असतं आणि निळा रंग त्याचाच, पण सामू 5.5 च्या खाली असेल तरच ते झाडाला मिळतं. 6.5 च्या वर फूल गुलाबीच. शिवाय पांढऱ्या जातीची फुलं काही केलं तरी निळी होत नाहीत. चहाचा चमचाभर कुटलेली तुरटी चार लिटर पाण्यात, कळ्या धरण्याआधी, पंधरा दिवसांतून एकदा. हे अनंतावर करून बघू नका, अॅल्युमिनियमचा त्याला काही उपयोग नाही. आणि मुंबईच्या मे महिन्यात हायड्रेंजिया जगवणं हेच मोठं काम, रंगाचं नंतर.

ओला_सुका

पिवळी झालेली पानं हिरवी होतीलच असं नाही, ती तोडू नका, निकामी नसतात. नव्या फुटीकडे बघायचं. पहिली दोन पानं फिकट हिरवी आली तरी गाडी रुळावर आहे. कळ्या गळणं थांबायला त्याहून वेळ लागेल. अनंत कळीवर असताना एक दिवस कोरडा आणि एक दिवस चिखल झाला तरी कळ्या टाकतो, तेव्हा पाणी रोज त्याच वेळी, वरचा अर्धा इंच सुकल्यावर.

पेंटगुळ

हिराकस फवारताना गॅलरीच्या फरशीवर जुनी चादर अंथरा आणि खालच्या मजल्यावर कपडे वाळत नाहीत ना ते वाकून बघा. त्याचे गंजाचे डाग पांढऱ्या शर्टावरून जात नाहीत. फरशीवर पडलेच तर लगेच लिंबूफुलाच्या पाण्याने पुसा, तिथे मात्र आंबट चांगलं काम करतं. फरशी संगमरवरी असेल तर ते पाणीही नको, साध्या पाण्याने पुसा.